अजून जरा घासा

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर अजूनही कुणी राखुंडीने दात घासताना दिसतं. मिश्रीची सवय त्याहून घट्ट. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटून बारीक करायची आणि तर्जनीवर घेऊन हिरडीपर्यंत चोळायची. बोटाचं पेर काळवंडतं, दातांच्या मुळाशी काळी रेघ धरते. तरी मनात पक्कं बसलेलं असतं की बोटाला खरखर लागली म्हणजे दात स्वच्छ निघाले!

हाच भरवसा घेऊन माणसं मंचर-नारायणगावला दात साफ करून घ्यायला येतात. कीट खरवडून झालं की डॉक्टर फिरत्या रबरी कपात पेस्ट घेऊन एकेका दातावर टेकवतात. जिभेवर बारीक कचकच येते. आणि खुर्चीतून आवाज येतो, "डॉक्टर, अजून जरा घासा की, काळं दिसतंय." त्या ‘अजून जरा’ची मला काळजी वाटते.

या पेस्टमध्ये पुष्कळदा प्यूमिस असतो, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या सच्छिद्र दगडाची पूड. खनिजांची कठीणता मोजण्याच्या मोहस् पट्टीवर दाताचं कवच, इनॅमल, 5च्या आसपास येतं आणि प्यूमिस साधारण 6ला. तेव्हा डागाबरोबर थोडं कवचही जाणारच. ते जातं मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. अधूनमधून, हलक्या हाताने केलं तर घाबरायचं कारण नाही. पण इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात, त्यामुळे झिजलेलं भरून येत नाही. हिरडी सरकून मूळ उघडं पडलं असेल तर तिथलं डेंटिन याहून मऊ. तिथे भरड पेस्ट नकोच.

दाढेत भरलेल्या पांढऱ्या सिमेंटचं दुखणं वेगळंच आहे. त्यातल्या कंपोझिट प्रकारात रेझिनमध्ये काचेसारखे सूक्ष्म कण कालवलेले असतात. भरड पेस्ट फिरली की मऊ रेझिन आधी झिजतं आणि कण उघडे पडतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा सरासरी 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की जंतूंचा थर तिथे जास्त धरू लागतो, असं संशोधकांनी दाखवलं आहे. एवढी खरखर जिभेला कळतसुद्धा नाही. दवाखान्यातून चकचकीत दात घेऊन निघालेल्या माणसाच्या दाढेवर मग चहाचा डाग पहिल्यापेक्षा लवकर बसू शकतो.

जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला होता. असा कागद खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत, म्हणजे त्यावर शाई फुटत नसे. घोटायचा दगडच खडबडीत असता तर कागदावर ओरखडे उठले असते. दातावरही शेवटचा हात बारीक कणांचाच हवा. भरड पेस्ट वापरावीच लागली, तर तिच्यामागून मध्यम आणि मग बारीक फिरवावी लागते. गर्दीच्या दिवशी हे टप्पे गाळले जाऊ नयेत, एवढं डॉक्टरांना विनवावंसं वाटतं.

खुर्चीत बसलेल्यानेही तोंड उघडण्याआधी सांगावं: ही दाढ भरलेली आहे, या दातावर कॅप आहे, इथे गार पाणी लागलं की शिणक येते. तिथे पेस्ट निवडून वापरता येते. आणि ज्या दातावर डागच नाही, त्यावर ती फिरवण्याची गरजही नाही.