रवीची दोरी

सज्जनहो, ताक घुसळताना आपण पाहिलेच असेल. रवीला दोरीचे वेढे असतात व दोरीची दोन टोके दोन हातांत असतात. उजवा हात ओढतो तेव्हा डावा पुढे जाऊ देतो. डावा ओढतो तेव्हा उजवा. दोन्ही हात एकदम ओढू लागले तर रवी जागच्या जागी अडते. एकाने दोरी टाकूनच दिली तर वेढे सुटतात. लोणी निघते ते ओढणाऱ्यामुळे जितके, तितकेच सैल होणाऱ्यामुळे. देहाचे चालणेही असेच आहे, हे आम्हांला फार उशिरा कळले. कसे कळले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची वारी. पुण्याहून सासवडची मोठी मजल, त्यात दिवे घाटाची चढण. आम्ही पुढे पताकांपाशी होतो आणि उजेडी मुक्काम गाठावा म्हणून ‘चला, चला’ करीत होतो. आमचे वीणेकरी बुवा वयाने वडील. ते मागे थांबून म्हणत, ‘म्हाताऱ्या बाया मागे राहिल्या आहेत; त्या आल्याशिवाय वीणा हलणार नाही.’ आम्ही पुढे ओढले, त्यांनी मागे धरले. मधले टाळकरी बिचारे घाटात खोळंबले. अखेर चार शब्द झाले आणि आम्ही दोघे अबोल्यानेच तळावर पोचलो.

त्याच रात्री आमच्या पोटरीत असा गोळा आला की, तोंडून किंकाळी निघाली. दिंडीत वैद्यक शिकणारा एक मुलगा होता. तो धावत आला व म्हणाला, ‘महाराज, पायाची बोटे नडगीकडे घ्या. मी हाताने ओढतो, पण तुम्हीही आपला जोर लावा.’ तसे करताच हळूहळू गोळा उतरला. आम्ही कारण विचारले. त्याने सांगितले ते ऐकून आमची झोपच उडाली.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी पाचशे व स्नायू नऊशे मोजले आहेत. तेथे स्नायू म्हणजे बांधणारे दोर. आज बोलण्यात आपण मांसपेशीलाच स्नायू म्हणतो. या पेशीला एकच विद्या येते, ती आखडून ओढण्याची. ढकलणे तिला ठाऊकच नाही. म्हणून देवाने जोड्या केल्या. दंडाच्या पुढची पेशी कोपर वाकवते, मागची ते सरळ करते. तुम्ही मागून गाडी ढकलता तेव्हाही आत मागची पेशी ओढतच असते! तशीच पुढे नडगीची, मागे पोटरीची जोडी. एकीला ‘ओढ’ असा निरोप जातो, त्याच वेळी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतून दुसरीला ‘सैल हो’ असा निरोप मिळतो. आमची नडगी कामाला लागली, तेव्हा पोटरीला सुटावे लागले ते यामुळे. इंग्लंडातील चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने ही व्यवस्था प्रयोगांनी उलगडून दाखवली. मज्जातंतूंच्या कार्यासंबंधीच्या शोधांसाठी १९३२ साली एड्रियन यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे कोणी शंका घेईल, ‘मग सैल होणारा आळशीच की!’ तसे नव्हे. टाच टेकल्यावर पाऊल थपकन आपटत नाही, कारण नडगीची पेशी लांबत लांबत त्याला हळूच खाली सोडते. घाट उतरताना मांडीची पुढची पेशी अशीच धरून धरून सोडते; म्हणून उताराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. सैल होणे म्हणजे सोडून जाणे नव्हे. आणि पावली खेळताना एका पायावर तोल सावरायचा झाला की, दोन्ही बाजू मिळून सांधा घट्ट धरतात. केव्हा ओढावे, केव्हा सोडावे, केव्हा दोघांनी मिळून धरावे, हा विवेक हवा.

तो सुटला तर काय होते? धनुर्वात होतो. जखमेतून शिरलेल्या जंतूंचे विष मज्जारज्जूत पोचते व ‘सैल हो’ हा निरोपच बंद पाडते. मग दोन्ही बाजू एकदम ओढतात. दातखीळ बसते, देह धनुष्यासारखा ताठतो आणि माणूस दगावतोही. बळ कमी पडून नव्हे, कोणीच सैल होत नाही म्हणून! (अनवाणी चालणाऱ्यांनी याची लस वेळेवर टोचून घ्यावी, ही विनंती.)

घाटात आमच्या दिंडीला धनुर्वातच झाला होता. पहाटे आम्ही उठलो, बुवांच्या पाया पडलो व म्हणालो, ‘बुवा, तुम्ही धराल तेव्हा आम्ही सैल होऊ.’ ते म्हणाले, ‘आणि म्हाताऱ्या आल्या की मी अडवणार नाही. पण दोरी दोघांनीही टाकायची नाही हो!’ पुढे चार वाऱ्या आम्ही अशाच केल्या. आज बुवा नाहीत. पताकांपाशी चालताना आम्ही अजून मागे वळून पाहतो.

सज्जनहो, घरात भावाभावांत, सासूसुनेत ओढाताण असेल तर आज एकदा आपण सैल होऊन पाहावे. हातातली दोरी मात्र टाकू नये.

रामकृष्ण हरि.