संध्याकाळचा आजार

मायस्थेनिया ग्रेव्हिस झालेला माणूस सकाळी तपासणीला जातो तेव्हा पुष्कळदा ठणठणीत दिसतो. संध्याकाळी त्याचीच पापणी मिटू लागते, एकाचे दोन दिसतात, पोळी चावताना जबडा थांबतो, बोलणं नाकातून येतं. रात्रभर झोप झाली की बरंचसं पुन्हा जागेवर. घरचे याला आळस म्हणतात, कुणी मनाचे खेळ म्हणतं. हे ऐकून ऐकून रुग्ण सांगणंच सोडतो आणि निदान लांबत जातं. बराच वेळ बोलल्यावर जिची जीभ मुकी होई, अशा एका स्त्रीचं वर्णन थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 मध्येच लिहून ठेवलं आहे. तरी आजही या रुग्णाला आधी आपलं खरेपण सिद्ध करावं लागतं.

मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन पोचवतं. या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं तो निरोप घेणाऱ्या जागांवर हल्ला करतात. 1934 मध्ये ग्रिनिचच्या सेंट अल्फेज रुग्णालयात मेरी वॉकर यांनी विचार केला की ही लक्षणं क्युरारे या विषाच्या बाधेसारखी आहेत, तर त्या विषाचा उताराच देऊन पाहावा. फायसोस्टिग्मिनच्या इंजेक्शनने रुग्णाची पापणी वर आली. आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच वाटेवरची आहे. तिचा असर काही तासच टिकतो. रोगाच्या मुळाशी जाण्यासाठी स्टिरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन, काहींना थायमस ग्रंथीची शस्त्रक्रिया. अ‍ॅझाथायोप्रिनचा गुण यायला कित्येक महिने लागतात आणि स्टिरॉइड सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अशक्तपणा वाढूही शकतो. हे आधी कळलं नसेल तर धीर सुटतो.

इथेच दुसऱ्या रुग्णाचं मोल कळतं. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास गोळी घेतली तर घास गिळता येतो, हे डॉक्टरही सांगतात. पण पाहुण्यांच्या पंगतीत ती वेळ कशी साधायची, हे ज्याने साधलं त्याच्याकडूनच शिकावं लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्यासमोर काही सिद्ध करावं लागत नाही. अर्धवट मिटलेला डोळा पाहून तो बोलणं आवरतं घेतो. अमेरिकेत 1952 मध्ये या आजारासाठी संस्था उभारली तीही एका रुग्ण मुलीच्या आईने. आपल्याकडे 1980 च्या दशकात अमिताभ बच्चन यांना हा आजार झाल्यामुळे त्याचं नाव घरोघरी पोचलं. नाव पोचलं, तरी शेजारच्या काकूंना हाच त्रास असेल हे कुणाच्या मनात आलं नाही.

ग्वाल्हेरला अशा सोबतीची गरज फार जवळून जाणवते. उष्णतेने हा अशक्तपणा वाढतो. पापणीवर बर्फ ठेवला तर ती थोडी वर येते, इतका हा संबंध उघड आहे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना इंदरगंजातून दुपारी औषधाच्या दुकानापर्यंत जाणं या रुग्णासाठी साधी गोष्ट नव्हे. शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांना गणपती, गाणं, हळदीकुंकू यांसाठी एकत्र यायची पिढ्यांची सवय आहे. त्याच दिवाणखान्यात महिन्यातून एकदा, सकाळच्या वेळी, अशा दोन-चार रुग्णांनी आणि त्यांच्या माणसांनी बसावं असं मला मनापासून वाटतं. आजार घराबाहेर न सांगण्याची आपली रीत या रुग्णांना महाग पडते.

मात्र अशा बैठकीने एक शिस्त पाळायलाच हवी: कुणी कुणाला डोस सुचवू नये. एकाची दोन गोळ्यांची गरज दुसऱ्याला घातक ठरेल. सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, रक्तदाबाच्या काही गोळ्या, शिरेतून दिलेलं मॅग्नेशियम यांनी हा आजार बळावू शकतो. म्हणून आपल्या न्यूरॉलॉजिस्टने तपासून दिलेली यादी प्रत्येकाच्या खिशात असावी आणि ताप-खोकल्यासाठी गेलं तरी ती आधी दाखवावी.

आणखी एक गोष्ट तिथे शिकता येईल: एका श्वासात मोठ्याने आकडे मोजणं. बरं असताना आपण कुठवर पोचतो ते लिहून ठेवायचं. मोजणी विसाच्या आतच अडू लागली, पाणी पिताना ठसका लागू लागला, किंवा आडवं झोपवेना, तर संध्याकाळचा थकवा समजून सकाळची वाट पाहू नये. जयारोग्य रुग्णालय लष्कर भागातच आहे. रात्र असली तरी निघावं, आणि सोबतीला ती यादी घ्यावी.