रांग का मोडते

बाहेरगावचा पाहुणा मुंबईत आला की दोन गोष्टी बघून थक्क व्हायचा. एक समुद्र आणि दुसरी बसची रांग. पोलीस नाही, दोरी नाही, तरी माणसं आपली एकामागे एक उभी. मध्ये घुसणाऱ्याला 'ओ भाऊ, लाइन आहे' एवढं कुणीतरी म्हणायचं आणि तो मुकाट मागे जायचा. कडेवर मूल घेतलेली बाई दिसली तर पुढचा माणूस सरकून म्हणायचा, 'जा ताई तुम्ही, मी मागच्या गाडीने येतो.' आम्हा मुंबईकरांना याचा केवढा अभिमान! आपल्या रक्तातच शिस्त आहे, असं आम्ही समजून चाललो होतो.

आता संध्याकाळी सातच्या सुमाराला कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उभं राहून बघा. रांग असते, नाही असं नाही. गाडी वळणावर दिसेपर्यंत असते. गाडीचा नंबर वाचता आला की पिशव्या छातीशी येतात, डब्यांच्या बॅगा पोटाला बांधल्यासारख्या धरल्या जातात आणि सगळी रांग रस्त्यात उतरते. थांब्यासमोर रिक्षा लागलेल्या, म्हणून ड्रायव्हर वीस पावलं पुढे जाऊन ब्रेक मारतो. झालं. अर्धा तास पहिल्या नंबरवर काठी टेकून उभे असलेले आजोबा एका क्षणात शेवटचे होतात. ज्याचा हात आधी दांड्याला लागला, तो आत. कंडक्टर आतून ओरडतो, 'पुढे सरका, पुढे जागा आहे.' पुढे जागा नसते, हे त्यालाही ठाऊक असतं. गाडी हलते, आजोबा पुन्हा थांब्याच्या खांबाशी येतात. त्यांची कुणी माफीही मागत नाही, कारण मागणारे सगळे गाडीत गेलेले असतात.

यावर आपल्याकडे ठरलेली प्रतिक्रिया असते: 'लोकांना राहिलीच नाही हो माणुसकी.' मला हे पटत नाही. 'मी मागच्या गाडीने येतो' हे वाक्य म्हणायला मागची गाडी असावी लागते. ती सात मिनिटांत येणार असेल तर उदार व्हायला फारसं काही लागत नाही. ती कधी येईल याचा भरवसाच नसेल, घरी पोर एकटं असेल, तर तीच ताई कोपर मारून चढते, आणि तिला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. म्हणजे ज्या शिस्तीला आपण संस्कार म्हणत होतो, तिचा बराचसा भाग शहराची बस चालवणाऱ्या बेस्टच्या डेपोत तयार होत होता.

तिथे काय झालं, ते बघू. एके काळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांवर गाड्या होत्या. 2019 मध्ये कामगार संघटनेशी करार झाला, त्यात स्वतःच्या मालकीच्या 3,337 गाड्या कायम ठेवायचं ठरलं होतं. 2025 मध्ये भाड्याच्या गाड्या धरूनसुद्धा आकडा तीन हजारांच्या खाली होता, आणि स्वतःच्या म्हणाव्यात अशा गाड्या काही शेच उरल्या होत्या. जुन्या गाड्या वय झाल्यावर मोडीत जात राहिल्या, नव्या घेतल्या गेल्या नाहीत. पूर्वी बेस्टच्याच विजेच्या धंद्यातल्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघत असे. तीही वाट पुढे बंद झाली. आता बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगवर ठेकेदाराचा माणूस आणि घंटीच्या दोरीला बेस्टचा. एका गाडीत दोन नोकऱ्या, दोन पगार. ऑगस्ट 2023 मध्ये या ठेक्यावरच्या चालकांनी काम बंद केलं, तेव्हा शहराला पहिल्यांदा कळलं की आपल्याला घरी पोचवणारा माणूस नक्की कुणाचा नोकर आहे.

हे सगळं होत असताना राज्यकर्त्यांना प्रवाशांची काळजी नव्हती, असं म्हणता येणार नाही. होती, पण तिची तारीख बघावी लागते. 14 ऑक्टोबर 2024 ला मंत्रिमंडळाने मुंबईच्या पाचही वेशींवरचा हलक्या वाहनांचा टोल माफ केला. त्याच मध्यरात्री अंमलबजावणी. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. मोटारीला एका खेपेला 45 रुपये पडत होते, ते वाचले. टॅक्सीवाल्यांनाही फायदा झाला, हे मान्य. निवडणूक पार पडली, सरकार बसलं आणि मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये झालं, एसीचं सहाचं बारा.

भाडेवाढ होऊच नये, असं माझं म्हणणं नाही. पाच रुपयांत आज कटिंग चहासुद्धा येत नाही. जुलै 2019 मध्ये किमान भाडं पाच केलं गेलं, तेव्हाही विधानसभेची निवडणूक तीन महिन्यांवर होती, हेही विसरायला नको. पण दोन निर्णय शेजारी ठेवून बघा. वेशीवर थांबणाऱ्या मोटारवाल्याचा वेळ आणि पैसा दोन्ही सरकारला दिसले. धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी बाई दोन वेळचे मिळून दहा रुपये देत होती, ती वीस देऊ लागली. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर 260 चे 520. पास काढला तर कमी पडतं, पण पासाला एकरकमी पैसे लागतात आणि तिचा पगार चार घरांतून चार तारखांना येतो. तिचा थांब्यावरचा अर्धा तास तर कुणाच्याच वहीत नाही. भाडं वाढलं त्याच वर्षीच्या 74,427 कोटींच्या पालिका अर्थसंकल्पात बेस्टच्या वाट्याला एक हजार कोटी आले. समुद्राकाठचा नवा रस्ता तेरा-चौदा हजार कोटींना पडला, त्याला टोल नाही आणि तो तोट्यात चालतो असं कुणी म्हणत नाही. तोट्यात फक्त बस चालते.

भाडं दुप्पट झालं तेव्हा विचारायचं तरी कुणाला? मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती. बेस्ट समिती नव्हती, सभागृह नव्हतं. आयुक्त हेच प्रशासक, आणि त्यांची नेमणूक राज्य सरकारची. ज्या शहरात चार आण्यांच्या वाढीवरून सभागृह डोक्यावर घेतलं जात असे, तिथे भाडं दुप्पट होताना हात वर करायला एक निवडून आलेला माणूस नव्हता. गंमत अशी, की भाडं वाढलं त्याच वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, बेस्टच्या कर्मचाऱ्यांच्या पतपेढीची निवडणूक लागली आणि सगळ्या राज्याचं लक्ष तिकडे गेलं. ठाकरे बंधू एकत्र आले, त्यांच्या पॅनेलला 21 पैकी एकही जागा मिळाली नाही, त्यावर चॅनेलांनी रात्री जागवल्या. पतपेढीत कोण आलं हे मुंबईत सगळ्यांना माहीत. आपल्या रूटवर गाड्या किती उरल्या, हे त्या रूटच्या कंडक्टरशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मग जानेवारी 2026 मध्ये पालिकेची निवडणूक आली आणि बसला पुन्हा भाव आला. महायुतीने महिलांना बेस्टमध्ये अर्ध्या तिकिटाचा शब्द दिला, ठाकरे बंधूंनी किमान भाडं परत पाच रुपयांवर आणायचा. एसटीत मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे आणि त्याने खेड्यापाड्यातल्या बायकांचं घराबाहेर पडणं सोपं केलं, हे मी पाहिलेलं आहे. अशा सवलतीला रेवडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. माझी अडचण एवढीच, की न आलेल्या गाडीचं तिकीट अर्धं असो की फुकट, थांब्यावरच्या बाईला सारखंच. तिकिटाचा निर्णय एका बैठकीत होतो आणि संध्याकाळच्या बातम्यांत येतो. गाडी रस्त्यावर आणायला निविदा लागते, चालक लागतो, त्याला धड पगार लागतो, आणि पाच वर्षं कुणीतरी रोज डेपोत डोकावावं लागतं.

आता नगरसेवक आले आहेत. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकांना भेटायला गेलात तर एकच विचारा: आपल्या थांब्यावर संध्याकाळी सहा ते आठ किती गाड्या यायला हव्यात आणि किती येतात? बहुतेक ते म्हणतील, 'थांब्याला नवीन शेड करून देतो.' देतीलही. स्टीलच्या बाकाची, वर त्यांच्या नावाची पाटी असलेली, पाटीतलं नाव बसच्या नंबरांहून चौपट मोठं असलेली. शेड घ्या. आकडा मात्र लेखी मागा, आणि पुढच्या महिन्यात तोच प्रश्न घेऊन पुन्हा जा. जाताना त्या काठीवाल्या आजोबांनाही बरोबर न्या. त्यांना वेळ आहे आणि किती गाड्या सुटल्या, हे त्यांना तोंडपाठ आहे.