तडा आणि सांधा

घरी सुतार येतो, फळीला गेलेला तडा लुकणाने बुजवतो, वर रंग देतो आणि आपण निश्चिंत होतो. पुढच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि तडा पुन्हा डोके वर काढतो. कुटुंबांतील वितुष्टांचेही आम्ही बहुधा असेच करतो. ‘झाले गेले विसरा’ म्हणतो आणि रंग देतो. यालाच क्षमा म्हणावे काय?

जॉर्ज नाकाशिमा (१९०५–१९९०) या काष्ठशिल्पीच्या जीवनाकडे पाहताना हा प्रश्न आम्हांला पुन्हा पडला. जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेला हा वास्तुविशारद. पाँडिचेरीच्या अरविंदाश्रमातील ‘गोलकोंडे’ या इमारतीच्या बांधकामावर त्याने देखरेख केली. १९४२ साली, कोणताही गुन्हा नसता, केवळ वंशामुळे त्याला पत्नी आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोमधील मिनिडोका छावणीत डांबण्यात आले. सुमारे १,२०,००० लोकांच्या वाट्याला हेच आले. त्या छावणीतच एका जपानी सुताराच्या हाताखाली तो परंपरागत हत्यारे आणि सांधे शिकला. १९४३ साली सुटका झाल्यावर पेनसिल्व्हेनियातील न्यू होप येथे त्याने आपली कार्यशाळा उभारली. पुढे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील बेनेडिक्टाइन मठाचे प्रार्थनामंदिर त्यानेच रेखिले.

इतर कारागीर ज्या फळ्या टाकून देत, त्या गाठींच्या, चिरलेल्या फळ्या तो मुद्दाम निवडी. तडा तो झाकीत नसे. डमरूच्या आकाराचा टणक लाकडाचा तुकडा तो तड्यावर आडवा बसवी. कारागीर त्याला ‘फुलपाखरू’ म्हणतात. त्याची दोन्ही रुंद टोके दोन्ही काठांना धरून ठेवतात. तडा दिसतो, पण पुढे जात नाही.

मात्र हा तुकडा बसवण्यासाठी प्रथम पटाशीने दोन्ही काठांचे चांगले लाकूड कोरावे लागते. नेमके हेच आम्हांला नको असते. वरवरच्या समेटात कोणाचेच काही जात नाही, म्हणून तो टिकत नाही. प्रायश्चित्त संस्कारातही आपण पाप बोलून दाखवतो, पश्चात्ताप करतो आणि भरपाईही करतो. कबुलीवाचून सांधा नाही.

पण अन्याय करणारा कबुलीच देत नसेल तर? अमेरिकेने कायद्याने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर देऊ केले ते १९८८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. नाकाशिमा तोवर थांबला नाही. त्याच्या मनाचा हिशेब परमेश्वरापाशी. हातांचे काम मात्र आपल्यासमोर आहे. न्याय मागणे हा पीडिताचा हक्क आहे. परंतु न्याय मिळेपर्यंत आपले जीवन तड्याच्या स्वाधीन करणे त्याच्यावर बंधनकारक नाही.

पुनरुत्थित प्रभूच्या हातांवरही खिळ्यांचे व्रण होतेच. ते त्याने झाकले नाहीत, थोमाला दाखवले, आणि त्याआधी म्हणाला, “तुम्हांस शांती असो.” अंगणातील भिंतीपलीकडच्या भावाकडे जाताना आपणही व्रण झाकू नयेत. पटाशी मात्र प्रथम आपल्या बाजूच्या काठाला लावावी.