समाननामा आणि समानधर्मा

मनुष्य ज्या वस्तूंना आपल्या म्हणतो, त्यांत त्याचे नाव ही सर्वांत विलक्षण वस्तू होय. ती त्याने कमावलेली नसते, ती त्याला विकता येत नाही, आणि तिचा उपयोग त्याच्यापेक्षा इतर लोकच अधिक करतात. घर, शेत किंवा भांडीकुंडी ह्यांवर दोघांनी एकाच वेळी पूर्ण मालकी सांगितली तर कज्जा उभा राहतो. एका नावावर मात्र दहा जण पूर्ण हक्काने नांदतात आणि कज्जा होत नाही. होतो तो घोटाळा. अशाच एका घोटाळ्यात मी मागे सापडलो होतो. त्यातून बाहेर पडताना जे विचार सुचले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते; मात्र त्यांत माझ्या एका अपराधाची कबुलीही आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

माझे नाव आणि आडनाव ही दोन्ही आपल्याकडे विपुल आहेत. त्याच नावाचे एक गृहस्थ पुण्याकडे राहतात व अधूनमधून लिहितात. त्यांच्या तरुण मुलाच्या निधनानंतर त्यांनी एक लेख लिहिला. तो मी वाचला होता, आणि असे आपल्याला लिहिता आले असते तर, हा विचारही माझ्या मनाला चाटून गेला होता. पुढे दोन महिन्यांनी मला एक पत्र आले. आमच्याच भंडारा जिल्ह्यातील एका बाईंचे. त्यांचाही मुलगा वैनगंगेच्या पुरात गेलेला. तो लेख वाचून आपल्याला वर्षभरानंतर प्रथमच झोप लागली, असे त्यांनी लिहिले होते. आणि असा लेख लिहिणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात, आपल्या इतक्या जवळ आहे, ह्याचा त्यांना विशेष आधार वाटत होता. पत्र चार पानांचे होते. त्यात त्यांनी मुलाविषयी असे काही लिहिले होते, की जे त्यांनी घरातही कोणाजवळ बोलले नसावे.

मी त्यांना उत्तर धाडले. "आपले पत्र पोचले. आपणास काही समाधान लाभले हे वाचून मला समाधान वाटले. ईश्वर आपणास बळ देवो." ह्या तीन वाक्यांत खोटा असा एक शब्द नाही. तथापि ते उत्तर आरंभापासून अखेरपर्यंत खोटे होते, हे मला लिहितानाही ठाऊक होते. बाईंचे पत्र मी टेबलाच्या खणात ठेवले आणि पुढील तीन महिन्यांत ते दोनदा काढून वाचले.

ह्याच सुमारास वर्गात एक गंमत घडली. कवी ग्रेस ह्यांच्यावर विद्यार्थ्यांस टिपण लिहावयास सांगितले होते. एका मुलाने कोठून तरी मजकूर उतरून काढला होता, आणि त्याच्या टिपणात 'संध्याकाळच्या कविता' लिहिणारे ग्रेस हे पेशाने डॉक्टर असून लांब दाढी राखत व इंग्लंडच्या संघातून क्रिकेट खेळत, असे ठरले होते. वर्ग पोट धरून हसला. मीही हसलो व त्या मुलाला चार शब्द सुनावले, की दुसऱ्याची शिदोरी आपल्या नावावर खपवताना निदान ती कोणाची आहे एवढे तरी पाहावे. घरी येऊन टेबलापाशी बसलो, खण उघडला, आणि आपण सकाळी उच्चारलेले वाक्य आपल्यालाच किती नेमके लागू पडते हे ध्यानात येऊन मी ओशाळलो.

ते दोन ग्रेस मग मनातून जाईनात. एक विल्यम गिल्बर्ट ग्रेस. १८४८ साली जन्मला, १९१५ साली वारला. त्याला हे नाव बापाकडून मिळाले, आणि ते त्याच्या एकट्याचे कधीच नव्हते. १८८० च्या सप्टेंबरात लंडनच्या ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी सामना झाला, त्यात ग्रेस नावाचे तीन सख्खे भाऊ एकाच संघातून खेळले. विल्यमने १५२ धावा काढल्या. सर्वांत धाकटा फ्रेड दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला. त्याने एक अवघड झेल मात्र असा घेतला की त्याची वाखाणणी पुढे कित्येक वर्षे होत राहिली. सामन्यानंतर पंधरवड्याच्या आतच, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, फ्रेड मरण पावला. आज ग्रेस म्हटले की क्रिकेटच्या जाणत्यांना दाढीवाला विल्यमच दिसतो. नाव तिघांचे, कीर्तीने त्यांतला एक निवडून घेतला.

दुसरे ग्रेस आमच्या विदर्भाचे. माणिक सीताराम गोडघाटे; जन्म नागपूरचा, १९३७ सालचा; मृत्यू २०१२ साली. नागपुरात त्यांनी मराठीचे अध्यापन केले, 'राजपुत्र आणि डार्लिंग', 'चंद्रमाधवीचे प्रदेश' असे काव्यसंग्रह दिले, आणि 'वाऱ्याने हलते रान' ह्या ललितलेखसंग्रहास २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. दुर्बोध म्हणून त्यांच्यावर आयुष्यभर टीका झाली, आणि आयुष्यभर तरुण मुले त्यांच्या ओळी वहीत उतरून घेत राहिली. त्यांनी 'ग्रेस' हे नाव आपण होऊन घेतले, तेही इन्ग्रिड बर्गमन ह्या नटीच्या एका चित्रपटाच्या स्मरणाने, असे सांगितले जाते. क्रिकेटच्या डॉक्टरसाहेबांशी त्याचा काडीइतकाही संबंध नाही. एकाला नाव जन्मतः चिकटले. दुसऱ्याने जन्मतः चिकटलेले नाव बाजूस ठेवून हे वेचून घेतले. मौज अशी, की ह्या शब्दाचा अर्थच मुळी कृपा, म्हणजे न कमावता मिळालेली देणगी, असा आहे.

आपल्या प्राचीन वैयाकरणांनी विशेषनामाला 'यदृच्छाशब्द' म्हटले आहे. गाय हा शब्द जात सांगतो, पांढरा हा गुण सांगतो, चालणारा हा क्रिया सांगतो. डित्थ हे मात्र कोणाच्या तरी मनाला आले म्हणून ठेवलेले. इंग्रजी तत्त्वज्ञ मिल ह्यानेही आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात निराळ्या मार्गाने हेच म्हटले, की विशेषनाम वस्तू दाखवते, वस्तूविषयी काही सांगत नाही. तर्काच्या दृष्टीने हे निर्विवाद आहे. परंतु व्यवहारात नाव फार वेळ कोरे राहत नाही. मनुष्य वागतो, लिहितो, खेळतो, आणि त्याच्या कृत्यांचा साका हळूहळू नावाच्या तळाशी बसतो. लोक ज्याला 'नाव कमावणे' म्हणतात ते हेच. मूळचे नाव यदृच्छेने आलेले. त्यातला साका कष्टाने आलेला. नामसाम्य नावाचे असते, साक्याचे नसते. आणि सगळी नैतिक अडचण येथेच आहे. नावाची वाटणी करता येते, साक्याची करता येत नाही.

मराठीत ह्याचे सुंदर उदाहरण आपट्यांचे आहे. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिणारे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९), आणि 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे नारायण हरि आपटे (१८८९–१९७१), ज्यांच्या कादंबरीवरून प्रभातचा 'कुंकू' हा चित्रपट १९३७ साली निघाला. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे हरीचा नारायण व नारायणाचा हरि असा रहाटगाडग्यासारखा क्रम घराघरांत चालू असतो. त्यामुळे हे दोघे बापलेक असावेत असा समज सहज होतो. ते तसे नव्हते. थोरल्या आपट्यांच्या नावाचा दबदबा एवढा, की धाकट्यांना दुसरे एखादे टोपणनाव घेणे सोयीचे झाले असते. त्यांनी ते घेतले नाही. आपल्याच नावाने उदंड लिहिले आणि आपला वाचक आपण मिळवला. ह्यात मला एक प्रकारचा ताठ कणा दिसतो.

ह्याहून निराळा, पण तितकाच सरळ मार्ग दोन चर्चिलांनी काढला. १८९९ साली अमेरिकेतील कादंबरीकार विन्स्टन चर्चिल प्रसिद्धीच्या शिखरावर होता. इंग्लंडमधला विन्स्टन चर्चिल पंचविशीच्याही आतला होता व त्याचीही एक कादंबरी प्रसिद्ध होत होती. अमेरिकेच्या चर्चिलच्या पुस्तकाबद्दलची शाबासकी आपल्याला मिळत आहे हे ध्यानात येताच इंग्लंडच्या चर्चिलने त्याला आपण होऊन पत्र लिहिले आणि यापुढे आपल्या लिखाणावर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करण्याचे कबूल केले. दुसऱ्याने तितक्याच सौजन्याने कळवले, की मला मधले नाव असते तर मीच ते लावले असते. पुढे काळाने पारडे पार फिरवले. आज अमेरिकेच्या चर्चिलची ओळख करून देताना 'तो नव्हे, दुसरा' असेच सांगावे लागते. पण त्या पत्राच्या वेळी, शाबासकी आपल्या दारी चालून आली असताना, ती कोणाची हे पाहून परत पाठवणारा तरुण मला नंतरच्या मुत्सद्द्यापेक्षा अधिक आवडतो. माझ्या खणातल्या पत्राला तर तीन महिने झाले होते.

माझे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्याजवळ मी ही गोष्ट काढली. ते म्हणाले, "प्रोफेसर, १८७२ च्या करारकायद्याचे बहात्तरावे कलम वाचा. चुकून हाती आलेले पैसे किंवा वस्तू ज्याची त्याला परत केली पाहिजे. चुकून मिळणे हा गुन्हा नव्हे. कळल्यावर ठेवून घेणे हा दोष."

मी म्हणालो, "पण ही वस्तू परत केली, तर धाडणाऱ्या बाईंचाच आधार जातो. मूळ लेखकाचे काही नुकसान नाही, त्याला ह्याची वार्ताही नाही. मग खरे सांगून मी कोणाचे भले करणार?"

वकीलसाहेब हसले. "बाईंचा आधार तुम्ही की तो लेख?"

ह्या प्रश्नाने माझी पळवाट बंद केली. लेख जसाच्या तसा राहणार होता. त्याने आणलेली झोप त्याचीच होती. त्यात माझी भर एवढीच, की एका दुःखी मातेने जे शब्द पुत्रशोक सोसलेल्या माणसासाठी लिहिले, ते पुत्रशोक ठाऊक नसलेल्या माणसाने वाचले आणि जपून ठेवले. परोपकाराची जी सबब मी पुढे करीत होतो तिच्याआड निव्वळ एक गोडी लपलेली होती: आपण न लिहिलेल्या चांगल्या लेखाचे आपण लेखक असल्याची गोडी. कीर्तीचा मोह वाईट, असे आपण म्हणतो. पण स्वतःच्या कृत्याच्या कीर्तीचा मोह निदान स्वतःच्या कृत्याशी तरी बांधलेला असतो. दुसऱ्याच्या साक्यावर आपले नाव तरंगवण्याच्या मोहाला तेवढाही आधार नाही.

त्याच रात्री मी बाईंना सर्व हकीकत कळवली, उशिराबद्दल क्षमा मागितली आणि मूळ लेखकाचा पत्ता मासिकाच्या संपादकांकडून मिळवून देण्याची तयारी दर्शवली. आठ दिवसांनी उत्तर आले. त्यात रागाचा शब्द नव्हता. त्यांनी एवढेच लिहिले होते, की माझे पहिले पत्र आपण ज्यांच्यासाठी लिहिले ते आपण नाही. तरी ते कृपा करून परत पाठवावे. मी ते परत पाठवले. त्यांनी पत्ता मागितला नाही. खरे सांगितल्याने सर्व काही ठीक होते, असे जे आपण मुलांना शिकवतो, ते मला ह्या वेळी अनुभवास आले नाही. पहिल्याच दिवशी सांगितले असते तर त्यांना थोडा संकोच वाटला असता. तीन महिन्यांनी सांगितल्यामुळे लाज वाटली, आणि ती माझ्या वाट्याची लाज त्यांना सोसावी लागली. सत्याला उशीर झाला म्हणजे त्यावर व्याज चढते, आणि ते व्याज बहुधा दुसराच भरतो. एवढे मात्र खरे, की म्हणून सांगूच नये असे ह्यातून निघत नाही. व्याज वाढते म्हणून मुद्दल बुडवणे हा काही हिशेब नव्हे.

आता एक शेवटची गोष्ट, तीही घरचीच. आमच्या जिल्ह्याचे १९९९ साली विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निराळा झाला, तोवर आमगावाजवळचे पद्मपूर हे भंडारा जिल्ह्यात होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी ह्यांच्या मते हेच विदर्भातील पद्मपूर, भवभूतीचे गाव. पद्मपूर नावाची गावे ह्या देशात थोडी नाहीत. काश्मिरातील पांपोर हेही मूळचे पद्मपूरच. म्हणजे नामसाम्याने गावांनाही सोडलेले नाही. पण भवभूतीने 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत जी आशा बोलून दाखवली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. समकालीनांनी अवहेलना केली असता त्याने म्हटले, की काळाला अंत नाही आणि पृथ्वी विस्तीर्ण आहे, तेव्हा माझा समानधर्मा कोणी तरी केव्हा तरी निपजेलच. त्याने समानधर्मा मागितला, समाननामा मागितला नाही. समाननामा यदृच्छेने शेजारच्या गल्लीतही भेटतो. समानधर्म्यासाठी शतके थांबावे लागते.

त्या बाईंना पुण्याच्या लेखकात समानधर्मा भेटला होता. मध्ये एक समाननामा येऊन बसला आणि त्याने पत्र अडवून धरले. ज्या मुलाला मी वर्गात चार शब्द सुनावले, त्याला मी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतले व टिपण पुन्हा लिहावयास सांगितले. त्याने ह्या खेपेस ते स्वतः लिहिले. ते फार चांगले नव्हते; पण त्यातले ग्रेस कवी होते, नागपूरचे होते, आणि खाली सही होती ती त्या मुलाचीच.