शिबीचा तराजू

रोगाने पक्षी मेला तर त्याचा दोष कोणावर येत नाही. परंतु त्याच्या शेजारचा धडधाकट पक्षी, उद्या तोही रोगी होईल आणि रोग फैलावील या भयाने, माणसाने आज मारावा, हे धर्मास धरून आहे काय? बर्ड फ्लूच्या निमित्ताने हा प्रश्न आज अनेक गावांच्या अंगणात येऊन उभा राहिला आहे.

तिगावचेच उदाहरण घेऊ. नागपूर–इटारसी लोहमार्गावरचे, पांढुर्णा-सौसरच्या मराठी मुलखातले हे गाव 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. जामसावळीच्या मारुतीच्या दर्शनास गेलेल्या आमच्या वाचकांस तो संत्र्यांचा मुलूख परिचयाचा असेल. जानेवारी 2025 मध्ये याच्या उत्तरेस छिंदवाड्यात पाळीव मांजरांच्या ठायी एच5एन1 हा विषाणू आढळला आणि कोंबडीविक्रीची दुकाने बंद करावी लागली. त्याच सुमारास दक्षिणेस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच रोगाने दगावल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले.

आम्ही कोंबडी खात नाही, आम्हांस याचे काय, असे म्हणणारे सज्जन आमच्या समाजात पुष्कळ आहेत. त्यांनी लातूर जिल्ह्यातील उदगीरची वार्ता आठवावी. तेथे त्याच महिन्यात पन्नासांच्या आसपास कावळे पटापट मरून पडले, ते याच रोगाने. पितरांच्या नावाने ज्यास आपण हाक घालतो, पिंडास ज्याचा स्पर्श झाल्याखेरीज आपले समाधान होत नाही, तोच हा कावळा. पक्ष्यांशी आपला संबंध केवळ ताटापुरता नाही.

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगावयाचे तर, रानटी बदकांसारखे जलचर पक्षी हा विषाणू वाहतात आणि पुष्कळदा स्वतः आजारी दिसतही नाहीत. कोंबड्यांच्या खुराड्यात मात्र तो शिरला की एकदोन दिवसांत खुराडे रिकामे होते. विष्ठा, लाळ, नाकातील स्राव, माखलेली भांडी व पादत्राणे, या वाटांनी तो जातो. माणसास तो सहसा लागत नाही, कारण ज्या पेशींस तो चिकटू शकतो त्या आपल्या शरीरात मुख्यतः फुप्फुसाच्या खोल भागात असतात. पण लागला तर दारुण: 2003 पासून जगात नऊशेंहून अधिक माणसांस तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली. चांगले शिजविलेले अन्न निर्धोक असते. खरे भय निराळेच आहे. प्रत्येक नव्या शरीरात विषाणू थोडा बदलतो, आणि एखादे दिवशी तो माणसाकडून माणसाकडे सहज जाण्याची विद्या शिकेल. म्हणून रोग आढळताच एक किलोमीटरच्या परिघातील सर्व कोंबड्या मारण्याचा नियम आहे. सरकारी कागद यास ‘विल्हेवाट’ म्हणतात. आम्हांस हा शब्द खटकतो. वध आहे तर वध म्हणावे.

हा वध आम्ही अधर्म मानीत नाही. तो टाळल्याने कोंबड्या वाचत नाहीत, अधिक यातनेने आणि अधिक संख्येने मरतात. परंतु येथे शिबी राजाची कथा आठवते. कपोताचा जीव राखण्यासाठी त्याने तराजूत मांस घातले ते स्वतःच्या देहाचे. आज आपण सर्वांचे प्राण राखण्यासाठी जे मांस पारड्यात घालतो ते कोणाचे? तिगावासारख्या गावाच्या मध्याभोवती ते एक किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर बहुतेक अंगणे त्यात येतील. दहा गावठी कोंबड्यांवर जी विधवा मीठमिरची भागविते, तिच्या खुराड्यातले ते मांस आहे. शिबी होण्याचे पुण्य आपल्या पदरी, आणि सुरी मात्र तिच्या मांडीवर!

यातूनच लपवालपवी जन्मते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतात प्रथम हा रोग सिद्ध झाला, तेव्हा कोंबड्या काही दिवस आधीपासूनच मरत होत्या. मालकांनी ती नेहमीची मानमोडी समजली. पुढे लक्षावधी पक्षी मारावे लागले. सुदैवाने माणसांत एकही बाधा आढळली नाही. त्या मालकांस अज्ञानी म्हणणे सोपे आहे. पण खरे सांगितले की घर बुडते, हे ज्यास ठाऊक आहे, त्याच्याकडून आपण सत्यवचनाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? सत्य बोलण्याचा खर्च एकट्याने सोसावयाचा आणि लाभ मात्र सर्व गावाने घ्यावयाचा, ही विभागणी मुळातच न्यायाची नव्हे.

मारलेल्या पक्ष्यांबद्दल सरकार भरपाई देते. रोगाने आधीच मेलेल्यांबद्दल देत नाही. उशीर करणाऱ्यास धाक म्हणून हा नियम ठीक असेल. पण ज्याच्या खुराड्यात रोग प्रथम उतरला, त्यास तो जाचतो. अन्नसंतर्पणासाठी आपल्या देवस्थानांकडे निधी असतात. अशा घराची एवढी तूट त्यातून भरून द्यावी काय, हे महाजनांनी येत्या सभेत विचारार्थ घ्यावे, अशी आमची सूचना आहे.