चेअरमनसाहेबांची मिशी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये यूव्ही प्रिंटिंगचं मशीन होतं. मशीनवर ऑपरेटर, कॉम्प्युटरवर डिझायनर आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मावशी. आलेला माल पुसून पुढं द्यायचा, एवढंच मावशींचं काम. त्याला हुद्दा नव्हता, पगारही बेताचाच.

सप्टेंबर म्हणजे पतसंस्थांच्या वार्षिक सभा. एका संस्थेनं सभासदांना वाटायला स्टीलचे ५०० डबे सांगितले. झाकणावर संस्थेचं नाव आणि चेअरमनसाहेबांचा फोटो. दिवस थोडे होते. पहिला घाणा निघाला आणि मालकांच्या डोळ्यांत मावशी खुपू लागल्या. हातमोजे घालून त्या एकेक झाकण आयपीएच्या, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या, ओल्या कापडानं पुसत, ते अल्कोहोल आपोआप उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडानं टिपून घेत, नाहीतर सुटलेलं तेल जागच्या जागी परत बसतं. मधूनच एखाद्या झाकणावर पाणी शिंपडून बघत. मग प्रायमरचा पातळ हात.

“मावशी, आरशागत चमकत्यात की झाकणं. आणि काय पुसताय?”

“पॉलिशनं चमकत्यात, मालक. त्याचं मेण हाय वर. हे बघा, पाणी गोळा होऊन पळतंय. पसराय पाहिजे.”

मालकांनी मावशींना पॅकिंगला बसवलं. त्या दिवशी दुप्पट माल निघाला, आणि देखणाही. यूव्ही शाई दिव्याखाली क्षणात घट्ट होते. खाली स्टील आहे की मेण, हे ती तेव्हा कळू देत नाही.

संध्याकाळी संस्थेचे सचिव आले. कौतुकानं त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला, जरा नख लागलं आणि चेअरमनसाहेबांची अर्धी मिशी नखात आली. सचिवांचा चेहरा असा झाला की जणू त्यांनीच ती उपटली.

मग शोधाशोध. शाई जुनी असेल म्हणून नवी बाटली फोडली. दिव्याची पॉवर वाढवली, तर शाई ठिसूळ होऊन पापुद्रे निघू लागले. काळा रंग जास्त भरलास म्हणून डिझायनरनं बोलणी खाल्ली, शाईच्या डीलरनं फोनवर. पॅकिंगच्या टेबलाकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. मावशी खोकी बांधत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी ऑपरेटरनं पहिल्या घाण्यातलं एक झाकण आणलं आणि शेजारी नवं ठेवलं. दोन्हींवर ब्लेडनं बारीक चौकटी पाडल्या, चिकटपट्टी दाबून लावली आणि झटक्यात ओढली. पहिली पट्टी कोरी निघाली. दुसरीवर साहेबांचा अख्खा गाल आला. काही न बोलता त्यानं दोन्ही पट्ट्या मालकांपुढं ठेवल्या.

“मावशी,” मालकांनी हाक मारली, “उद्यापासून परत पुसायला बसा. छापलेलं तेवढं काढायला लागणार.”

“काढाय काय, धरलंच न्हाई ते. बसते की. पर पगाराचं काय?”

“सभा होऊ दे. मग बघू.”

मावशींनी उचललेले हातमोजे परत टेबलावर ठेवले. “मग पुसायचंबी सभा झाल्यावरच बघू.”

सभा चार दिवसांवर होती. मालकांनी खुर्ची ओढली आणि मावशींना विचारलं, “किती म्हणताय?”